मर्सेदेसला आलेले फोन

सोमवार, ३ नोव्हेंबर

ही वही डॉक्टरणीने ठेवायला सांगितली. रोज लिहायचं, काय ऐकू आलं, काय नाही, आणि नवीन फोनचा काही उपयोग होतो का. महिन्याने वही घेऊन सोगामोसोला तिच्याकडे जायचं. ठीक आहे, लिहिते.

मी कुस्तोदिया, वय बासष्ट. डावा कान गेला, उजवा जायच्या वाटेवर आहे. गंमत अशी की याच कानांवर मी तीस वर्षं पोट भरलं. तळ्याकाठच्या आमच्या आकितानिया गावात, चौकात माझी छत्री, स्टूल, आधी तारेचा एक फोन आणि पुढे साखळीने बांधलेले चार मोबाइल. लोक यायचे, माझ्या फोनवरून बोलायचे, मी मिनिटं मोजायची. कोणाचं कोणाशी जुळलं, कोणाचं फाटलं, पाद्रीबाबांच्याही आधी मला कळायचं. आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे आणि मला दाराशी भुंकणारा कुत्रासुद्धा ऐकू येत नाही.

डॉक्टरीण समुद्राकडची, बारांकियाची. मला बोललेलं कळेना म्हणून तिने कागदावर लिहून विचारलं, "तुमच्याकडे सगळे एकमेकांना सुमर्से म्हणतात. हा सुमर्से आहे तरी कोण?" म्हटलं, "कोण म्हणजे? तुम्ही सुमर्से, मी सुमर्से, माझ्या कोंबड्यासुद्धा सुमर्से." तिने लिहिलं, "म्हणजे 'तुम्ही'च ना?" म्हटलं, "'तुम्ही' परक्याला. सुमर्से आपल्या माणसाला." ती इतकी हसली की तिचं पेन खाली पडलं. समुद्राकडच्या लोकांना कशाचंही हसू येतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

यामिले आली होती. माझ्या भावाची मुलगी, सोगामोसोत फोनच्या दुकानात कामाला आहे. तिने माझ्या जुन्या फोनला मूठमाती दिली, नंबरासकट, आणि नवा दिला. याची करामत अशी की समोरचा जे बोलेल ते पडद्यावर अक्षरांत उमटतं. अक्षरं केवढी, तर आंधळ्यालाही दिसावीत एवढी.

अब्दोनलाही एक दिला. अब्दोन म्हणजे माझा नवरा. कांद्याच्या पातीचा ट्रक चालवतो, सोमवारी जातो तो शनिवारी उगवतो. त्याच्या फोनला बोटं लावावी लागत नाहीत. नाव उच्चारलं की फोन आपणच लागतो, हात स्टिअरिंगवरच. सोमवारी निघायच्या आधी वाटेत दुकानात थांबवून यामिलेने त्याला शिकवलं म्हणे.

"आत्या, आता काका तुमच्याशी रोज बोलतील," ती माझ्या उजव्या कानात ओरडली.

म्हटलं, "काय बोलणार? चार वर्षांत तो माणूस माझ्याशी तीन शब्द बोललाय. मीठ! दार! कॉफी!"

"ओरडून ओरडून माणूस दुसरं काय बोलणार आत्या?" यामिले म्हणाली. तिचं अजून लग्न व्हायचंय, म्हणून असं बोलते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पहिला फोन. अब्दोनचाच. पडद्यावर उमटलं, "मर्सेदेस, झोप झाली का? इकडे धुकं फार आहे, हळू चाललोय."

मी म्हटलं, "झाली." त्याने मेदेयीनच्या रस्त्याबद्दल काहीबाही सांगितलं आणि ठेवला.

मर्सेदेस? डोकं खाजवलं. मग वाटलं, मालकाने नवा ट्रक घेतला असेल, त्या कंपनीचा. पण ट्रकला कोणी झोप झाली का विचारतं?

डॉक्टरीणबाई, अक्षरं छान दिसतात.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

"मर्सेदेस, जेवण झालं का? आज थंडी आहे, लोकरीचा मोठा रुआना घालून बसा. इथे खानावळीत सूप दिलं, नुसतं पाणी. मर्सेदेसच्या हातची सर नाही कशाला."

हा ट्रक नाही. ट्रक सूप करत नाही.

तीस वर्षं मी चौकात बसून बायकांची रडगाणी ऐकली, आणि दर वेळी मनात म्हटलं, अगं मूर्ख बाई, तुला इतके दिवस कळलं कसं नाही? घ्या आता. बासष्टाव्या वर्षी नवरा शेण खातोय आणि मला फोन वाचून दाखवतोय.

हे पान वही द्यायच्या आधी फाडणार आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

अब्दोन काल घरी आला. नेहमीसारखाच. "साबण!" म्हणून ओरडला, दुपारी "झोपतो!" म्हणून ओरडला. झोपल्यावर मी त्याचा फोन उघडला. लाज कसली, मी त्याची बायको आहे.

यादीत सगळे आहेत. टायरवाला आहे, मालक आहे, बोगोतातली आमची दोन्ही मुलं आहेत, यामिले आहे. सगळ्यात वर मर्सेदेस. आणि कुस्तोदिया? नाहीच. खालून वर, वरून खाली दोनदा पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात टायरवाल्याला जागा आहे, मला नाही.

मर्सेदेसचा नंबर पेनने हातावर उतरवून घेतला आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन माझ्या फोनवरून लावला. पडद्यावर आलं, नंबर व्यस्त आहे.

रविवारी दुपारी, जेवणाच्या वेळेला! कोणाशी बोलत असेल ती? म्हणजे आणखीही कोणी आहेत की काय हिच्या रांगेत?

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी लावला, व्यस्त. दहाला, व्यस्त. दूध तापत ठेवून लावला, व्यस्त, आणि दूधही उतू गेलं. कालचा धरून सहा वेळा लावला. ही बाई भाकरी कधी भाजते? माझ्या चौकात असती तर मी हिच्या जिवावर माडी बांधली असती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

यामिलेला सहज विचारल्यासारखं विचारलं, अब्दोनचा फोन कधी चुकतो का ग? तिने लिहून पाठवलं, "हो आत्या, कधी कधी एक नाव घेतलं की दुसऱ्यालाच लावतो. अजून शिकतोय तो."

म्हणजे उघड आहे. अब्दोन फोनला म्हणतो, मर्सेदेसला लाव. आणि फोन लावतो मला. तिच्या वाट्याचं सगळं माझ्याकडे येतंय.

पण मी त्याच्या यादीतच नाही, मग फोन मला लागतो कसा? हे काही डोक्यात बसत नाही. आणि इतक्या वेळा चुकल्यावर त्याला आवाजावरून कळू नये? की माझा आवाज कसा आहे हेच तो विसरलाय? मलाही आता आठवत नाही म्हणा.

विचार करून करून डोकं दुखलं. एवढंच ठरवलंय की भांडायचं नाही. आधी सगळं काढून घ्यायचं. पुढच्या फोनला मी मर्सेदेस होणार.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

झाले. आवाज बारीक केला, नाकातून काढला. म्हटलं, "बोला ना."

"मर्सेदेस, घसा बसलाय का? पाण्यात काळा गूळ उकळून लिंबू पिळून घ्या."

प्रेम उतू चाललंय नुसतं. मी धीर करून विचारलं, "आणि तुमची बायको कशी आहे?"

मग उमटलं, "हसण्याचा आवाज." मग, "माझी बायको? ठार बहिरी. नाकावर राग. कोंबड्यांशी दिवसभर बोलेल, माझ्याशी नाही. पण तिच्यासारखं दुधातलं अंड्याचं सूप अख्ख्या तळ्याकाठी कोणी करत नाही. का, आज मर्सेदेसला कौतुक ऐकायचंय?"

बघा. माझी कुचेष्टा तिच्यापाशी, आणि माझ्या सुपाचं कौतुकही तिच्यापाशीच. मला समजेना रागावू कशावर. मी म्हटलं, "अजून सांगा."

"अजून काय? चौकात छत्रीखाली बसायची तेव्हा मी नाण्यांनी खिसा भरून जायचो. फोन करायला माझ्याकडे होतं कोण? टायरवाल्याला फोन लावून हवापाण्याच्या गप्पा मारायचो. टायरवाला म्हणायचा, तुला वेड लागलंय."

हे मला माहीत नव्हतं. चौतीस वर्षांत मला सांगितलं नाही, हिला सांगितलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज फोन आला नाही. मी दिवसभर फोन एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. माझ्यासाठी नसलेल्या फोनची वाट बघते, मला झालंय तरी काय?

रविवार, १६ नोव्हेंबर

अब्दोन आला तेव्हा फोन कपाटात टाकला, घरात त्याचं काय काम. जेवताना त्याच्याकडे बघत होते. हनुवटीवर दाढी पांढरी, डोळ्यांखाली पिशव्या. हा माणूस कोणाला सांगतो, रुआना घालून बसा? मला तर "खिडकी!" एवढंच. एकदा माझ्याकडे बघून त्याने भुवया उडवल्या आणि गालात हसला, जणू आमच्यात काही गुपित आहे. निर्लज्ज. मी ताटली आपटली. तो दचकला, मग भांडी घासायला लागला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज सगळं ठरलं. जसं झालं तसं लिहिते.

फोन दुपारी आला. "मर्सेदेस, एक विचारायचंय. समोरासमोर ओरडून विचारण्यासारखं नाही, म्हणून फोनवर विचारतो. रस्ता आता झेपत नाही. कंबर गेली. जवळच काम मिळतंय, वजनकाट्यावर. ट्रक सोडून द्यावा म्हणतो. रोज संध्याकाळी मर्सेदेसच्या दारात. कायमचा. कंटाळा तर नाही यायचा माझा? शुक्रवारच्या आत हो-नाही कळवायचंय."

उभी होते, खाली बसले. कायमचा. तिच्या दारात. हा माणूस मला सोडून चालला आणि परवानगी मलाच मागतोय.

रडू आलं, पण मी मर्सेदेस होते, म्हणून रडता येईना. एकच सुचलं. तिच्या तोंडून असं बोलायचं की पुन्हा तिकडे पाय ठेवणार नाही.

म्हटलं, "नको. अजिबात येऊ नका. जिथे आहात तिथेच राहा. माझ्या घरात तुमच्यासाठी जागा नाही."

पडदा कोरा. इतका वेळ कोरा की वाटलं बिघडला.

मग उमटलं, "नक्की?"

"नक्की."

"बरं."

फोन बंद झाला. जिंकल्यासारखं वाटलं. संपवली तिला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आजचा फोन: "पोचलो. तब्येत बरी आहे ना तुमची? या शनिवारी येत नाही, जादा फेरी घेतली."

मर्सेदेसचं नाव नाही! काल तीन ओळी आल्या, त्यातही नाही. रुआना नाही, सूप नाही. गेली ती. आता फोन कुस्तोदियालाच येतायत.

असं असताना घरात करमत का नाही कळत नाही. त्या बाईच्या वाट्याच्या चार गोष्टी मी वाचत होते. आता माझ्या वाट्याच्या वाचते. "पोचलो. तब्येत बरी आहे ना तुमची." एवढाच माझा वाटा.

सोमवार, २४ नोव्हेंबर

यामिलेने आणखी एक बटण दाखवलं. ते दाबलं की कोणाचा फोन आलेला नसतानाही समोरच्याचं बोलणं उमटतं. बाजारात, चर्चमध्ये, कुठेही. "हे आधी का नाही सांगितलंस?" म्हटलं. तिने तोंड फोनजवळ आणलं आणि उमटलं, "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आत्या, तुम्हाला ऐकू आलं नाही."

उद्या बाजारात जाऊन बघते लोक माझ्या पाठीमागे काय बोलतात.

मंगळवार, २५ नोव्हेंबर, सकाळ

बाजारातून पळत घरी आले.

पहिली हेर्मिंदा, बटाटेवाली. तीस वर्षं माझ्या छत्रीशेजारी बसलेली. फोन तिच्यापुढे धरला. उमटलं, "किती किलो देऊ, मर्सेदेस?"

कानशिलं तापली. म्हणजे हिला माहीत आहे! तोंडावर टोमणा मारते! पुढे मासेवाला: "ताजा ट्राउट आहे, मर्सेदेस." दळणवाला: "बऱ्याच दिवसांनी, मर्सेदेस." चर्चच्या पायरीवर पाद्रीबाबा, देवाचा माणूस, तोसुद्धा: "देव भलं करो, मर्सेदेस."

अख्ख्या गावाला माहीत आहे. अख्खं गाव मला त्या बाईच्या नावाने हाक मारतंय. मी मागे फिरून हेर्मिंदाला म्हटलं, "लाज वाटते का ग? हे नाव तुला कोणी शिकवलं?" तिचे डोळे एवढाले झाले. उमटलं, "कुठलं नाव? मर्सेदेस, बरं वाटत नाहीये का?"

बटाटे तिथेच टाकून आले.

त्याच दिवशी, दुपार

लिहायला बसलेय, पण नीट लिहिता येत नाहीये.

घरी आल्यावर खुराड्याकडे गेले. मन ताळ्यावर नव्हतं, हात आपले दाणे टाकत होते. फोन एप्रनच्या खिशात, बटण दाबलेलंच राहिलं होतं. बंद करावा म्हणून काढला. पडद्यावर ओळी होत्या.

"या मर्सेदेस, या. खा पोटभर. तुला नाही का मिळालं मर्सेदेस? ये, इकडे ये."

खुराड्यात कोणी नव्हतं. मी आणि सात कोंबड्या. मी मागे वळून पाहिलं. देवाशपथ, वळून पाहिलं की ती आली की काय.

मग फोन तोंडाशी धरला आणि हळू म्हटलं, "सुमर्से."

मर्सेदेस.

पुन्हा म्हटलं. सुमर्से. मर्सेदेस. सुमर्से, सुमर्से, सुमर्से. मर्सेदेस मर्सेदेस मर्सेदेस.

हातावरून धुतलेला तो नंबर वहीत होता. यामिलेला लिहून विचारलं, हा कोणाचा? तिचं लगेच उत्तर, "तुमचाच नवा नंबर ना आत्या. मी काकांना म्हटलं नाव सांगा, ते म्हणाले सुमर्से, फोनने भलतंच लिहिलं. मी म्हटलं बदलू का, ते म्हणाले असू दे, लागतोय ना."

मीच मला सहा वेळा फोन केला आणि मला मी व्यस्त मिळाले.

मग बसले आणि जुने सगळे फोन काढून वाचले, फोन जपून ठेवतो ते. झोप झाली का, सुमर्से. रुआना घालून बसा. काळा गूळ उकळून घ्या. नाण्यांनी खिसा भरून जायचो. रोज संध्याकाळी सुमर्सेच्या दारात, कायमचा. कंटाळा तर नाही यायचा माझा?

आणि खाली माझं उत्तर. तुमच्यासाठी जागा नाही.

मी त्याला नाही म्हटलं. त्याला. आणि त्यानंतर सात दिवस तो शब्द नाही. मला वाटलं होतं, मी तिला संपवली. आमच्याकडे माणूस दुखावला की शिवी देत नाही, सुमर्से गाळतो आणि "तुम्ही" म्हणतो. लहान पोरालासुद्धा कळतं ते. मी वाचलं आणि खूश झाले.

बुधवार, २६ नोव्हेंबर

चार वेळा फोन केला. चौथ्यांदा उचलला. सगळं सांगायचं होतं, पण घाईत एवढंच आलं, "घरी या. मी ते तुम्हाला नव्हतं म्हटलं."

"फोनवर तुम्हीच होतात."

"हो, मीच होते, पण मर्सेदेस म्हणून."

"कोण मर्सेदेस?"

काय सांगू? म्हटलं, "कोणी नाही. घरी आलात की सांगते. वजनकाट्याचं काम घ्या."

"शुक्रवारीच 'नाही' म्हणून कळवलं. आता किनाऱ्याकडची गाडी घेतलीये, कांदेलारियाच्या सणापर्यंत. शनिवारी कपडे न्यायला येतो."

म्हणजे फेब्रुवारीपर्यंत. नाताळही रस्त्यावर, ती कंबर घेऊन.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

बाउदिलिओसाहेबांकडे गेले. कांद्याची पात धुवायची शेड त्यांची, वजनकाट्याचं काम त्यांच्याच हातात. माणूस भला आहे. फोन त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, चूक माझी झाली, अब्दोनची नाही, ते काम त्यांना परत द्या. आयुष्यात कोणापुढे हात जोडले नव्हते, आज जोडले.

उमटलं, "तोबियासला शब्द दिलाय, मर्सेदेस. त्याने दुसरं काम सोडलं. आता कसं फिरवू?"

फिरवता येत नाही, खरं आहे. मीही फिरवलं नसतं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

अब्दोन आला. टेबलावर आमच्या दोघांच्या मध्ये फोन ठेवला, बटण दाबलं आणि सगळं सांगितलं. ट्रकपासून कोंबड्यांपर्यंत. त्याचा फोन चोरून बघितला तेही. काही लपवलं नाही.

मला वाटलं होतं तो हसेल. हेर्मिंदाला सांगितलं तर ती हसून हसून बटाट्यांच्या पोत्यावर पडली होती. तो हसला नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळू बोलायला लागला. पडदा आणि त्याचं तोंड, मी दोन्हींकडे बघत होते.

"मग तुम्ही 'नाही' कोणाला म्हणालात?"

"तिच्या माणसाला."

"तो मीच होतो. अकरा दिवस ट्रकमध्ये मी तेच घोकतोय. माझ्या घरात जागा नाही."

"मला वाटलं, दुसरी कोणी आहे."

"ते वाटू शकतं. त्याचा राग नाही." त्याने मांडीवरची टोपी फिरवली. "चौतीस वर्षं तो शब्द म्हणतोय. तुमचे कान गेले म्हणून मी म्हणायचं थांबवलं नव्हतं. पाठमोऱ्या असायच्या तेव्हा म्हणायचो, झोपेत असताना म्हणायचो. तुम्हाला ऐकू जात नव्हतं, ते ठीक आहे. पण पहिल्यांदा वाचायला मिळालं, आणि एकदाही मनात आलं नाही की हे आपल्याचसाठी असेल?"

झोप झाली का, जेवण झालं का, एवढं साधं कोणी विचारलं, तर ते दुसरीलाच असणार असं मला वाटलं. का वाटलं, मला खरंच माहीत नाही.

म्हटलं, "चुकले मी." आणि पुढे म्हटलं, "फेब्रुवारीत आलात की ट्रकची किल्ली मालकाला देऊन या. काम असो नसो. जागा आहे."

"बघू," उमटलं. "तुम्ही जेवून घ्या."

तुम्ही.

रविवार, ३० नोव्हेंबर

दिवसभर त्याचे लोकरी मोजे रफू केले. किनाऱ्याला उकाडा असतो, लोकरी मोज्यांचं तो काय करणार? पण हातांना काहीतरी काम हवं होतं. दुधातलं अंड्याचं सूप केलं. दोन वाट्या प्यायला. घरात फोन चालू ठेवला होता. "मीठ" उमटलं, "दार" उमटलं. बारीक अक्षरांत वाटले ते शब्द, ओरडलेले नव्हते.

सोमवार, १ डिसेंबर

सकाळी गेला. ट्रक दारासमोर आणला होता. पिशवी मीच वर दिली. हेर्मिंदा बाजाराला निघाली होती, ती गंमत बघायला थांबली.

इंजिन सुरू होतं. पायाखालची जमीन हलत होती, म्हणजे आवाज केवढा असेल. हेर्मिंदाने दोन्ही कानांवर हात ठेवले. मी फोन वर धरला, पडद्यावर एवढंच आलं, "मोटारीचा आवाज." पुन्हा धरला. तेच. मग मी फोन खाली केला आणि वर बघत राहिले.

अब्दोनने खिडकीची काच खाली केली. डोकं बाहेर काढलं, हात दारावर टेकवले आणि बोलला. हेर्मिंदा माझा दंड हलवून तोंडाने विचारत होती, काय म्हणाला, काय म्हणाला? तिचे कान ठणठणीत, पण तिला काही ऐकू आलं नाही.

मला दिसलं. आधी ओठांचा चंबू झाला. मग ते मिटले. मग उघडून दात दिसले आणि तोंड तसंच राहिलं. तीन तुकडे. 'तुम्ही'ला दोनच पुरतात. तो माझ्याकडे बघत होता, मागे कोणी उभं नव्हतं.

"हो," मी ओरडले, "जेवीन वेळेवर." आणि ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभी राहिले.